तेल उतरलं आणि भुसा उरला

जगाच्या बाजारात तेल कोसळलं तेव्हा पवनीत सगळ्यात जास्त खूश मी होतो आणि माझ्या खालोखाल माझा मेव्हणा. माझा धंदा मंडपाचा. खुर्च्या, कनाती, माइक आणि एक जनरेटर. तो जनरेटर डिझेल असं ढोसतो की पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयानं लाजून ताटावरून उठावं. त्यामुळे तेल स्वस्त झाल्याची बातमी मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून, बातम्या देणाऱ्याच्या आवाजात मोठ्यानं वाचून दाखवली. देशाचं किती परकीय चलन वाचणार, महागाई कशी मान खाली घालणार, सगळं हातवारे करून. मेव्हणा समोर बाकावर बसून टाळ्या वाजवत होता. त्यानं येताना जिलबी आणली होती.

"भाऊजी, आता गाडीभाडं उतरते. नागपूरची खेप स्वस्तात पडते पाहा," तो म्हणाला.

मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पवनीहून कोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा कारखाना. कारखाना म्हणजे टिनाची लांबलचक शेड आणि तिच्यात एक मशीन. राईस मिलमध्ये धान भरडला की तांदूळ बाजारात जातो आणि भुसा मागे उरतो. तो भुसा मशीनच्या तोंडात टाकायचा. मागून लोखंडाचा ठोसा बसायचा आणि पुढून मनगटाएवढी जाड, तपकिरी, वाफाळती कांडी बाहेर यायची. ना गोंद, ना पाणी, नुसता दाब. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये ती कोळशासारखी जळते. व्यापारात तिला पांढरा कोळसा म्हणतात. ती पांढरीही नसते आणि कोळसाही नसते, पण व्यापारातली नावं मी कधी मनाला लावून घेत नाही.

त्याच्या आधी आमच्या भागात भुशाला कुणी विचारत नव्हतं. मिलवाले तो रस्त्याच्या कडेला नेऊन ओतत आणि पेटवून देत. धान भरडायच्या दिवसांत पवनीच्या रस्त्यावर मोटरसायकलवाले गमछा डोळ्यांपर्यंत ओढून अंदाजानं गाडी चालवत. मिलवाल्यांची अडचणही खरी होती. मिलमधली भुशाची खोली भरली की मिल थांबते, आणि दारात धानाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर उभे असताना मिल थांबवणं म्हणजे भर पंगतीत भात संपणं.

मेव्हण्यानं ही नस बरोबर पकडली. दिवाळीनंतर नवा धान येतो, तेव्हा आमच्याकडे मिलची पूजा होते, नारळ फुटतो, मग पट्टा फिरतो. मेव्हणा त्या दिवसांत एकेका मिलमध्ये स्वतः नारळ घेऊन जायचा आणि मशीनसमोर उभा राहून सांगायचा, "सेठ, तुमचा भुसा माह्याकडे. पाणी येवो, वारा येवो, एक बी ट्रॉली माह्या दारातून वापस जाणार नाही." कागद नाही, सही नाही. नारळाच्या पाण्यावर सगळा व्यवहार. आणि ट्रॉली खरोखर कधी परत गेली नाही. त्याच्या जोरावर रस्त्यावरचा धूर गेला, ट्रॅक्टरवाल्यांना खेपा मिळाल्या, कांड्या रचायला गावातल्या बाया लागल्या, नागपूरकडच्या एका टॉवेलच्या कारखान्यानं सगळा माल धरला. आमच्या मातीतून निघालेलं जळण आमच्याच कारखान्यांत जळत होतं, आणि त्यासाठी परदेशातून काही आणावं लागत नव्हतं. हे वाक्य मेव्हण्याचं. तो ते दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, नाटकाआधी स्टेजवर नारळ फोडताना दरवर्षी म्हणायचा, आणि मी विंगेतून "बस कर आता" म्हणून खुणावायचो.

जिलबी पचते न पचते तोच टॉवेलच्या कारखान्यातून फोन आला. पुढची खेप पाठवू नका.

आम्ही दोघं गेलो. खरेदी पाहणारा साहेब सज्जन होता, त्यानं चहा मागवला.

"दादा, तुमच्या मालात खोट नाही," तो म्हणाला.

"मंग काहून थांबवलं जी?"

"तेल स्वस्त झालं."

"पंपावर तं एवढं काही उतरलं नाही," मी मध्येच तोंड घातलं. मला माझ्या जनरेटरचा अनुभव ताजा होता. जगात उतरलेलं तेल आमच्या पंपापर्यंत येईतो करात मुरून गेलं होतं.

"पंपाचं सोडा. बॉयलरचं काळं तेल वेगळं, ते बाजाराबरोबर उतरतं," साहेब म्हणाला. "आणि तुमच्या कांडीला भरणारा माणूस लागतो, राख काढणारा लागतो, ठेवायला गोदाम लागतं. तेलाला एक चावी फिरवली की झालं."

मग तो आम्हाला मागे घेऊन गेला. तिथे त्यांचा जुना तेलाचा बॉयलर होता. नवा हिरवा रंग लावलेला, ओला वाटावा इतका ताजा.

"हा तुम्ही मोडीत नव्हता काढला?" मेव्हण्यानं विचारलं.

"राहू दिला होता. घरात सासऱ्याला राहू देतात तसा," साहेब हसला. "कधी कामी येईल सांगता येत नाही."

मीही हसलो. विनोद चांगला होता. मेव्हणा त्या हिरव्या रंगाकडे पाहत राहिला.

परत येताना भिवापूरला चहाला थांबलो. चहा आल्यावर त्यानं बशीत ओतला, फुंकला, आणि म्हणाला, "भाऊजी, तेल म्हणजे आपल्या वैनगंगेचं पाणी. उतरलं का चढतेच. मले फक्त तोपर्यंत उभं राहायचं हाय."

"मंग तोपर्यंत भुसा घेणं बंद कर."

"बंद केला तं तेल चढल्यावर मले भुसा कोण देईन? शब्द हाय म्हणून तं देतात."

त्याचा सगळा डाव हा एवढाच होता. तेल पुन्हा महाग होईपर्यंत तग धरायचा, आणि तोवर मिलवाल्यांना दिलेला शब्द मोडायचा नाही. दुसरं कुणी असतं तर मी वेड्यात काढलं असतं. पण बशीतल्या चहावर फुंकर घालताना त्याचा चेहरा असा होता की मी आणखी एक चहा सांगितला.

सुरुवातीला मशीन चालू राहिली. शेड कांड्यांनी छतापर्यंत भरली. विटांच्या भट्ट्या, हॉटेलं, दूधवाले, सगळ्यांचे उंबरे झिजवून झाले. सगळीकडे एकच उत्तर, कांडी नको, किंवा आमच्याआधीच दुसरा कुणी कांडीवाला येऊन गेलेला. मग एका सकाळी त्यानं मशीन थांबवली. त्या मशीनचा धप धप आवाज आमच्या सगळ्या वस्तीच्या इतका अंगवळणी पडला होता की तो थांबल्यावर लोक घरातून बाहेर आले. मशीन चालवणारा गडी हैदराबादला गेला. बाया मिरची निवडायच्या सातऱ्यावर गेल्या, दिवसभर देठ खुडून जळजळते हात घेऊन घरी यायला लागल्या. खेपांचे ट्रॅक्टर उभे राहिले, टायर बदलणाऱ्याचं दुकान बंद पडलं. पेपरात तेव्हाही येत होतं की स्वस्त तेलामुळे देशाचे दिवस पालटले. असतीलही. देश मोठा असतो. त्याच्या एका कोपऱ्यात काय थांबलं हे त्याला ऐकू जात नसावं.

भुसा मात्र थांबला नाही. धान पिकला होता, मिली फिरत होत्या, ट्रॉल्या येत होत्या. शेडमागच्या मोकळ्या जागेत ढीग वाढला. आधी माणसाएवढा, मग शेडएवढा, मग त्याच्यामागे सूर्य बुडायला लागला. मला तर मेजवानीच मिळाली. पवनीच्या आसपास जुन्या स्तूपांच्या टेकड्या आहेत, मोठमोठे लोक येऊन खोदून गेलेत. मी चौकात सांगायचो, आमच्या मेव्हण्यानं नवी टेकडी उभारली आहे, पुढच्या काळातले शहाणे येतील, खोदतील, आणि आत भुसा निघाल्यावर ग्रंथ लिहितील की इथं एक राजा होता, त्याला कुणी नाही म्हणायला शिकवलं नव्हतं.

मेव्हणाही हसायचा. शेजारीण हसत नव्हती. वारा सुटला की भुसा उडून तिच्या अंगणात, वाळवणात, पाण्याच्या टाकीत. ती कुंपणाशी येऊन म्हणायची, "काय गा भाऊ, तुझा डोंगर आमच्या वरणात पडून राह्यला. आता भाताची गरज नाही म्हण, भुसाच खातो!"

यावर मेव्हण्यानं तोड काढली, आणि ती ऐकून आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

उसना तांदूळ करणारी एक मिल होती. तिथे धान आधी वाफेवर उकडतात, आणि त्या वाफेसाठी बॉयलरमध्ये भुसाच जाळतात. त्यांना भुशाबरोबर राखेचीही अडचण. मेव्हण्याच्या दारातून काही परत जात नाही हे कळल्यावर त्यांनी राखही पाठवायला सुरुवात केली. फाटकावर आता माणूस नव्हता, ट्रॉलीवाले आपलेआप येत, ओतत, जात. मेव्हण्यानं राख पाहिली आणि त्याला वाटलं, हे तर देवानं धाडलं. राख जड, वरवर पाणी मारून ओलसर केलेली. ट्रॉलीवाल्यांना त्यानं सांगितलं, "खाली नका टाकू जी. ढिगाच्या वर पसरवा. भुसा दाबून राहीन, उडणार नाही."

आणि खरंच, भुसा उडायचा थांबला. शेजारणीनं कढीची वाटी पाठवली.

आता हे वाचणाऱ्या आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं इथं कपाळावर हात मारला असेल. चुलीतला विस्तव सकाळपर्यंत टिकवायचा तर आमच्या बायका काय करतात? भुशात निखारा ठेवतात आणि वरून राख घालतात. धूर नाही, जाळ नाही, आत धग. हे आम्हा प्रत्येकाच्या घरात होतं. हिवाळ्यात त्याच शेगडीला आम्ही पाय शेकले होते. पण चुलीतली गोष्ट चुलीएवढी असते असा आमचा समज. टेकडीएवढी चूल कुणाच्या डोक्यात आली नाही. बॉयलरमधून काढलेल्या राखेत निखारे असणार, हेही नाही.

कुत्र्यांना मात्र कळलं होतं. थंडी पडली तशी वस्तीतली झाडून सारी कुत्री पहाटे त्या ढिगावर झोपायला लागली. त्यावरही मी विनोद केले. हवेला लाह्या भाजल्यासारखा वास येत होता, तो आम्हाला आवडायचा.

मग अड्याळकडून एक वीटभट्टीवाला आला. विटा भाजायला भुसा हवा होता, जेवढा असेल तेवढा. मेव्हणा इतका आनंदला की त्यानं मला दुकानातून बोलावून घेतलं. मी टेम्पो घेऊन तसाच गेलो, मागे लग्नाच्या मंडपाचे बांबू भरलेले.

भट्टीवाल्यानं ढिगाच्या पायथ्याचा भुसा मुठीत घेतला. "हा ओला हाय."

"खालचा दवानं ओला. वर चला, कडक हाय," मेव्हणा म्हणाला.

"तुम्हीच आणा जी, माही चप्पल नवी हाय."

मेव्हणा चढला. सकाळचं ऊन होतं, कुत्री उठून बाजूला झाली. वर पोचून त्यानं आमच्याकडे वळून हात वर केला, एखाद्या नाटकातल्या सेनापतीसारखा, आणि मी खालून शिट्टी वाजवली. त्याच क्षणी त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "भाऊजी, गरम हाय."

मला वाटलं गंमत करतोय. मग त्या भोकातून धूर आला.

भट्टीवाला नवी चप्पल टाकून ढिगाकडे धावला. मी टेम्पोतले बांबू ओढले, ते ढिगावर आडवे टाकले, आम्ही दोघं त्यांच्यावर पोटावर पडून पुढे सरकलो. बांबूखालची राख ढासळत होती आणि खाली लाल दिसत होतं, पूर्ण लाल, फळासारखं. आम्ही त्याला काखेत धरून ओढला. पाय बाहेर आला तेव्हा बूट आतच राहिला. बाकी काय राहिलं ते मी लिहीत नाही.

भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूर. त्याला साखरेचा आजार होता, जखम भरेना. आधी बोटं गेली, मग घोट्याच्या वर, शेवटी गुडघ्याखालून पाय काढला. शुद्धीवर आल्यावर एका तरुण डॉक्टरनं विचारलं, हे कसं झालं? मेव्हणा म्हणाला, "डोंगर चढून राह्यलो होतो जी." डॉक्टरनं सहानुभूतीनं विचारलं, कुठला? मी वॉर्डाबाहेर निघून गेलो.

इकडे ढीग जळतच होता. पाण्याचा बंब आला, पाणी मारलं. भुशावरून ते घसरून खाली वाहून गेलं आणि आत आग तशीच. शेवटी लोडर आणून ढीग फोडला, पसरवला, तरी ठिकठिकाणी आठवडेच्या आठवडे धुमसत होता. शेडमध्ये रचलेल्या कांड्याही त्यात गेल्या, मशीन तेवढी वाचली. शेजारणीचं कुंपण जळलं. तरी तिनं मेव्हण्याच्या बायकोकडे रोज डबा पाठवला.

मिलवाले दवाखान्यात भेटायला आले. एकेक जण सफरचंदं घेऊन, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून. आणि उठताना, दाराशी, चाचरत प्रत्येक जण तेच विचारायचा.

"भाऊ... ते... भुसा आता कुठं टाकावं म्हणता?"

मेव्हणा पलंगावरून म्हणायचा, "टाका ना जी. शेडच्या मागं, नहरीकडून जागा हाय."

त्याची बायको एरवी माझ्यासमोर मोठ्यानं बोलत नाही. ती एकदा उठली आणि म्हणाली, "जागा नाही सेठ. जागा जळून राह्यली."

मेव्हणा तिच्यावर रागावला. रात्रीपर्यंत तिच्याशी बोलला नाही. शब्द मोडला म्हणून.

त्यानंतर रस्त्यावर पुन्हा धूर दिसायला लागला. लोकांनी पुन्हा गमछे डोळ्यांपर्यंत ओढले.

आणि मग तेल चढलं. जगात कुठं कुणाचं बिनसलं, कुणी विहिरी आवळल्या, मला ते नीट सांगता येणार नाही. पण माझा जनरेटर पुन्हा माझं रक्त प्यायला लागला त्यावरून मी ओळखलं. या वेळी मी पायरीवर बातमी वाचली नाही. मेव्हण्याला ती फोनवरून कळली. टॉवेलच्या कारखान्यातला तोच साहेब.

"दादा, कांडी सुरू करता का? जेवढी द्याल तेवढी."

मेव्हणा कुबडी घेऊन माझ्या दुकानात आला. नवा पाय अजून सवयीचा झाला नव्हता, टोचायचा, म्हणून मेव्हणा तो घरीच ठेवायचा. पण चेहरा! जिलबी आणलेल्या दिवसाचाच चेहरा. "बोललो होतो ना भाऊजी? वैनगंगेचं पाणी!" हैदराबादहून गडी यायला तयार होता. मशीनला ग्रीस भरून झालं होतं. फक्त भुसा हवा होता, आणि भुशाची काळजी त्याला मुळीच नव्हती.

आम्ही सगळ्यात मोठ्या मिलमध्ये गेलो. सेठनं उठून खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला, चहा, बिस्किटं. मागच्या फाटकाशी एक मोठा ट्रक उभा होता आणि माणसं त्यात भुसा भरत होती. बाहेरगावची पाटी.

"हा कोणाचा जी?" मेव्हण्यानं विचारलं.

सेठनं बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "वीज बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता, भाऊ. तेलामागं कोळसा बी महाग पडून राह्यला म्हणते त्याहिले. साऱ्या मिलवाल्याहिचा भुसा एकमुस्त बोलून गेला. आख्ख्या हंगामाचा. कागद झाला."

"कधी?"

"झाले काही दिवस."

"मले विचारायचं होतं ना सेठ."

"आमाले वाटलं, आता तुमच्याच्यानं होत नाही. पाय असा... विचारायले जीव नाही झाला, भाऊ. खरंच सांगतो."

तो खोटं बोलत नव्हता. वाईट माणूसही नव्हता; दवाखान्यात सगळ्यात जास्त वेळा तोच आला होता. ज्या भुशाला तेल स्वस्त असताना कुणी फुकट नेत नव्हतं, त्याच्यासाठी आता बाहेरगावच्या पाटीचा ट्रक दारात येत होता, आणि दारात आलेल्या ट्रकला कोण थांबवेल? मेव्हण्यानं चहा संपवला, बशीसुद्धा. हात जोडून नमस्कार केला. कुबडी सावरत बाहेर आला. तिथून आम्ही दुसऱ्या मिलमध्ये गेलो, मग तिसऱ्या. तिसऱ्या ठिकाणी तो गाडीतून उतरलाच नाही, फाटकातला ट्रक पाहून म्हणाला, चला.

गाडीत तो हसायला लागला. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच, आणि इतका की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

"भाऊजी, तेल पडलं तवा मी पडलो. तेल चढलं तवा बी मीच पडलो. मले एक सांगा, या तेलाचं न माहं वैर काय हाय? मी तं ते जमिनीतून निघते तसं तेल जन्मात कधी पाह्यलं बी नाही. कसं दिसते जी ते?"

"काळं असते म्हणतात," मी म्हणालो. माझ्यासारख्या माणसाला त्या वेळी एवढंच सुचलं.

"काळं," तो म्हणाला, आणि डोळे पुसून खिडकीबाहेर पाहायला लागला. बाहेर धानाची कापणी चालली होती.

त्यानं साहेबाला फोन करायला सहा-सात वेळा नंबर काढला आणि ठेवून दिला. शेवटी तो फोन मी केला. साहेब म्हणाला, अरेरे, आणि मग म्हणाला, दुसरा कुणी माहीत आहे का?

मशीन उन्हाळ्यात विकली. रायपूरकडचा माणूस येऊन उचलून घेऊन गेला. उचलताना मेव्हणा तिथे नव्हता, घरात झोपून होता. खालचा काँक्रीटचा पाया फोडायचा म्हटलं तर खर्च होता, म्हणून तो तसाच ठेवला आहे. चांगला गुळगुळीत आहे. मेव्हण्याची बायको त्याच्यावर वड्या वाळत घालते, आणि मेव्हणा सावलीला खुर्ची टाकून कुबडीनं चिमण्या हाकत बसतो.